चतुराबाईचा हात

सारजा बाळंत होऊन घरी आली तेव्हा वच्छलाबाईनं गल्लीत घरोघर पेढे वाटले. पोरगा झाला होता, वजनानं चांगला होता, आणि बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप होती. रिक्षातून उतरल्यावर तिनं सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि शेजारच्या बायकांनी पोराचं तोंड बघून कानशिलावर बोटं मोडली. "बापावर गेलंय," एक म्हणाली. "नाक तेवढं आईचं," दुसरी म्हणाली. सारजा "व्हय" म्हणाली. त्या दिवशी तिला कुणी काहीही विचारलं तरी ती व्हयच म्हणत होती. जेवलीस का, व्हय. दूध उतरलं का, व्हय. लई तरास झाला का गं, यालाही व्हय. पण ते इतक्या सपाट आवाजात की विचारणारीला पुढं काही विचारावंसं वाटलं नाही.

त्या काळी मुकुंदवाडी शहराच्या टोकाला होती. पलीकडं सिडकोची घरं नुकती उठत होती. सारजाचा नवरा बन्सी चिकलठाण्याला एका कंपनीत कामाला होता. गावाकडची जमीन चुलत्याकडं लावून तो आणि त्याची आई इथं दोन खोल्यांत राहत होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण सारजाचं माहेर वैजापूरकडं, तिथं आता भाऊ-भावजयीचा संसार, आणि माय तर लग्नाआधीच गेलेली. म्हणून वच्छलाबाई म्हणाली, "मीच करीन तिचं. मला लेक नाय, हीच मपली लेक."

आणि तिनं केलंही. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, डोक्याला घट्ट फडकं, कशात म्हणून कसर नव्हती. वच्छलाबाई वाईट बाई नव्हती. दवाखान्यात न्यायचा हट्टही तिचाच. तिच्या बहिणीची लेक बिडकीनला घरीच अडली होती, आणि बैलगाडीतून शहरात आणता आणता वाटेतच गेली होती. तेव्हापासून वच्छलाबाईनं मनाशी धरलं होतं, आपल्या घरातली बाई दवाखान्यातच बाळंत व्हायची. तिनं शोधलेला ट्रस्टचा दवाखाना पांढऱ्या चुन्याचा, स्वच्छ फरशीचा होता. तो बघूनच तिच्या जिवाला बरं वाटलं होतं.

आता सारजा बाजेवर पडून असायची आणि शेजारी पोरगं. ते रडलं की ती घ्यायची, पाजायची, खांद्यावर टाकून ढेकर काढायची. सगळं वेळच्या वेळी. पण बघायची अशी, की कुणी शेजारीण आपलं लेकरू ठेवून बाजारला गेली आहे आणि ती येईस्तोवर याला काही व्हायला नको. त्याचं रडणं तिला भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटायचं. लाडू तोंडात घातला की गोड आहे एवढं कळायचं, चव लागायची नाही. एकदा शेगडीच्या कडेला बोट लागलं, तर फोड आलेला दिसल्यावर तिला कळलं की भाजलं. रडू तर येतच नव्हतं. बघायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, "किती शांत सून भेटली गं वच्छला."

दवाखान्यात झालं होतं ते असं.

सकाळी कळा सुरू झाल्या. दारातच रखवालदारानं वच्छलाबाईला आणि बन्सीला थांबवलं, आत फक्त पेशंट. आत एका बाईनं नाव-गाव, माहेर लिहून घेतलं, सारजाचं लुगडं सोडायला लावलं आणि मागून उघडा असलेला एक झगा दिला. मग थंड पाणी आणि वस्तरा. हे कशासाठी, आता काय होणार, कुणी काही सांगितलं नाही. हात यायचे, काम करून जायचे. तिनं प्यायला पाणी मागितलं तर कुणीतरी म्हणालं, हे काय हॉटेल हाय का. डॉक्टरीण आली, एक शब्द न बोलता तिनं आत हात घातला, आणि घातलेला असतानाच ती सिस्टरशी सिडकोतल्या प्लॉटबद्दल बोलत राहिली. कोपऱ्यावरचा घ्यावा की आतला. सारजा कळवळली तेव्हा ती म्हणाली, "अजून वेळ आहे," तेही सिस्टरला.

दुपार कलली तसं तिला टेबलावर घेतलं. पाय वर अडकवले. दार उघडंच होतं, बाहेरून एक माणूस बादली घेऊन गेला, परत आला. सारजानं मांड्या मिटायचा प्रयत्न केला. तिथं कामाला असलेल्या मावशीनं तिचा गुडघा कोपरानं दाबून धरला आणि मांडीवर सणसणीत चापट मारली.

"मिटू नको. ढिलं सोड. नवऱ्यापाशी जाताना अशीच मिटीत व्हतीस व्हय?"

सिस्टर हसली. सारजाला त्या मावशीचा चेहरा दिसत नव्हता. तिला दिसत होतं ते गुडघ्यावर दाबलेलं मनगट आणि त्यावरचं हिरवं गोंदण, एक तुळस आणि तिच्या दोन्ही बाजूंना ठिपके. ती त्या ठिपक्यांकडं बघत राहिली. कळ आली की "माय, ये माय" असं तिच्या तोंडून जायचं.

"कुठंय तुपली माय? बोलव तिला."

"मेली," सारजा म्हणाली.

"मग मेलेली कशी यील? गप कळ दे."

पुन्हा चापट. मग दुसऱ्या मांडीवर. मग ती मावशी स्टुलावर चढली आणि कोपराचा सगळा भार देऊन तिनं पोट वरून खाली रेटलं. कुठंतरी कात्री चालल्याचा आवाज आला. पोरगं निघालं. ते उलटं धरून मावशीनं तिच्या तोंडासमोर आणलं. "काय झालं, तोंडानं सांग." सारजाच्या तोंडून आवाज निघेना. "सांग, नायतर उद्या म्हणशील बदललं." सारजा म्हणाली, "पोरगा."

नंतर टाके घातले, भूल न देता. सुई लागली तशी ती उसळली, तेव्हा कुणी म्हणालं, एवढं पोरगं निघालं आन आता सुईला भ्येती. तिथून पुढचं तिला दुखल्यासारखं आठवत नव्हतं. छताला ओल आली होती, तिचा एक डाग होता, आणि टेबलावर एक बाई पडली होती, तिला शिवत होते. ती बाई कोण, याच्याशी सारजाला काही घेणं राहिलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं एकदा सांगून बघितलं होतं. वच्छलाबाई निखाऱ्यावर ओवा टाकत होती.

"आत्याबाई, तिथं मला मारलं."

"कळा दिल्या नसशील," वच्छलाबाई धुराकडं बघत म्हणाली. "बाळंतपण म्हंजी बाईचा दुसरा जलम गं. आसंच आसतंय ते. इसरून जायचं. पोराकडं बघ."

सारजानं पोराकडं बघितलं. पोरगं झोपलं होतं.

पाचवी पुजून झाली आणि वच्छलाबाई अंग चोळायला बाई बघू लागली. गल्लीतल्या मनकर्णाबाईनं चतुराबाईचं नाव सांगितलं. तिच्या नातवाला हिनंच चोळलं होतं. "हात लई हलका. हाताला गुण हाय. दुपारची कुठल्याशा दवाखान्यात जाती, सकाळची मोकळी आसती." कुठला दवाखाना, हे वच्छलाबाईनं विचारलं नाही, आणि तिनं आतलं काही बघितलंही नव्हतं.

चतुराबाई आली ती हसतच. काळीसावळी, अंगानं भरलेली, दातांना मिश्री. आधी तिनं पोराला घेतलं. न्हाणीत पाटावर बसून तिनं पाय लांब केले, नडग्यांवर पोराला उताणं टाकलं आणि टाळूवर तेल जिरवलं. छाती, पोट, पाठ, मग एकेक बोट. ती त्याच्याशी सारखी बोलत होती. "आला का राजा, ताण दे, दे की ताण." रोज धुताना किंचाळणारं पोरगं अंग ताणून गप पडून राहिलं. गरम पाणी पडलं तरी रडलं नाही. धुरी देऊन गुंडाळल्यावर ते जे झोपलं ते उन्हं चढेस्तोवर उठलं नाही. वच्छलाबाई खूश झाली.

मग सारजाची पाळी. खोलीत चटई टाकली, दार लोटलं. सारजा पालथी झाली. चतुराबाईनं तेल कोमट करून पोटऱ्यांना लावलं. हात खरंच हलका होता. तो पोटरीवरून गुडघ्यामागं गेला, तिथून मांडीवर चढला.

"ढिलं सोड गं बाई," चतुराबाई म्हणाली. "ढिलं सोड."

सारजाला कळायच्या आधी तिच्या अंगाला कळलं. मांड्या एकमेकींना चिकटल्या, बोटं आत वळली, दातखीळ बसली. तिनं मान वळवून बघितलं. तेलानं चकाकणारं मनगट, त्यावर तुळस आणि ठिपके.

ती ओरडली नाही. तिनं तोंड पुन्हा चटईकडं केलं आणि वाट बघत राहिली. आता ही ओळखील. चतुराबाईनं तिला उताणी केलं, तोंडावर ओला हात फिरवला, कपाळ चोळलं, भुवया दाबल्या. चेहरा अगदी जवळ होता. मिश्रीचा वास येत होता. "पोट लई सुटलंय, बांधून घेत जा," एवढंच ती म्हणाली. तिनं ओळखलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही. सारजा रोज चटईवर पडायची. अंगावरचं लुगडं वर सरकलं की ती टेबलावरून मनानं निघून गेली होती तशी इथूनही निघून जायची, आणि चटईवर जे उरायचं ते चतुराबाई चोळायची. "अंगात जीव हाय का नाय हिच्या?" ती वच्छलाबाईला हसून विचारायची. "लाकूड चोळल्यावानी लागतंय."

सांगावं असं सारजाला कधी वाटलं नाही असं नाही. पण काय सांगायचं? पोरगं चतुराबाईच्या हातात खुलत होतं. सासूला बाई पसंत होती. मारलं म्हणून सांगितलं त्याला, आसंच आसतंय हे उत्तर तिला एकदा मिळालंच होतं. आणि दुसरंही एक होतं, ज्यानं तिचं डोकं सुन्न व्हायचं. हा तोच हात होता. त्याला हलकं लागता येत होतं. मग तिथं का लागला नाही? या प्रश्नापाशी आली की ती थांबायची आणि भिंतीकडं बघत बसायची.

असे बरेच दिवस गेले. पोराचं बारसं झालं, नाव बद्रीनाथ ठेवलं. चतुराबाईनं पाळण्याला हात लावून नाव पुकारलं, वच्छलाबाईनं तिला खण दिला.

एके दिवशी सकाळी चतुराबाई न्हाणीत पाय पसरून बसली होती. बद्री तिच्या नडग्यांवर होता आणि वच्छलाबाई तांब्यानं पाणी ओतत होती. सारजाचं चोळून झालं होतं. अंगाला तेल असल्यानं ती न्हाणीच्या उंबऱ्याशी जुनेरं गुंडाळून बसली होती. चतुराबाईला काम करता करता बोलायची सवय होती. आजकालच्या पोरी लई नाजूक, ती सांगत होती. कळ आली की दवाखाना डोक्यावर घेतात.

"येकीनं तर कहर केला," चतुराबाई म्हणाली. "वैजापूरकडली व्हती कुठली तरी. टेबलावर सारखं माय, ये माय, ये माय. मी म्हणलं, कुठंय तुपली माय, बोलव तिला. तर म्हणती, मेली." ती हसली. "म्या म्हणलं, अगं मग मेलेली कशी यील? सिस्टर आशी हसली, हातातला चिमटा पडला तिच्या."

वच्छलाबाईही हसली. हसता हसता तिनं तांब्या पाण्यात बुडवला.

"दोन ठिवून दिल्या मांडीवर, तवा कुठं वळणावर आली. वरून पोरगा झाला तरी तोंडातून शबुद नाय. घुम्यावानी बघतीय नुसती."

"ती मी व्हते," सारजा म्हणाली.

आवाज नेहमीसारखाच सपाट होता, त्यामुळं ती काय म्हणाली ते दोघींना लगेच कळलं नाही. चतुराबाईचा हात पोराच्या पोटावर फिरत राहिला. वच्छलाबाईनं भरलेला तांब्या उचलला आणि तो ओतायचं विसरून ती तशीच उभी राहिली.

"काय म्हणलीस?" चतुराबाईनं विचारलं.

"वैजापूरकडची. ती मीच."

चतुराबाईनं पहिल्यांदा तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान हलवली.

"वळखू नाय आली बाई. आसशील. तिथं येकीमागं येक आसती. आम्ही तोंडं नाय बघत. तोंडं बघत बसलं तर काम व्हत नाय."

"मी कळा देतच व्हते."

"आसशील."

"मग मारलं कामून?"

चतुराबाई विचारात पडली. तिला राग आला नव्हता. कुणी असं विचारावं याचं तिला नवल वाटलं होतं, आणि खरं उत्तर काय ते ती आठवून बघत होती.

"सगळ्यांलाच मारतो," ती म्हणाली. मग तिला ते कमी वाटलं असावं. "मी लागले तवापासून तसंच चालत आलंय. आन तुपलं काय वाईट झालं? बघ की, पोरगं कसं हाय. मनात धरू नको."

"लेकरू इकडं द्या."

"आंग तर पुसू दे त्याचं."

"द्या," सारजा म्हणाली. ती उठली. जुनेरं तेलानं अंगाला चिकटलं होतं. न्हाणीत ओणवी होऊन तिनं चतुराबाईच्या पायांवरून बद्रीला उचललं. ओलं, तेलकट पोरगं हातातून निसटेल म्हणून तिनं त्याला छातीशी दाबलं. ते थंडीनं रडायला लागलं. ती त्याला घेऊन खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

चतुराबाईनं पाय आखडले, लुगडं पिळलं, हात धुतले. बाहेर येऊन चपला घालताना तिनं वच्छलाबाईला विचारलं, "उंद्या येऊ ना?"

वच्छलाबाईच्या हातात अजून तांब्या होता. ती बंद दाराकडं बघत होती. आतून सारजाचा आवाज आला, "नको."

"नको म्हणतीय ती," वच्छलाबाई म्हणाली.

"तुमी काय म्हणता?"

"ती नको म्हणतीय," वच्छलाबाईनं पुन्हा तेच सांगितलं. चतुराबाई गेली.

त्या दुपारी वच्छलाबाईनं स्वयंपाक केला, ताट वाढून आणलं आणि बाजेपाशी जमिनीवर बसली. सारजा जेवत होती.

"रोज तिच्या हाताखाली पडत व्हतीस," वच्छलाबाई म्हणाली. "मला बोलली कामून नाहीस?"

"बोलले व्हते. तुम्ही म्हणलात, आसंच आसतंय."

वच्छलाबाईनं पदर तोंडाला लावला, पण ती रडली नाही. "मपली बाळंतपणं शेतातल्या कोठ्यात, गुरांपाशी झाली," ती म्हणाली. "म्हातारी सुईण व्हती. सारखी पाठीवरून हात फिरवायची. शिव्या द्यायची, पर मला नाय, तुपल्या सासऱ्याला. मला कुणी मारलं नाय कधी." ती थांबली. "मला वाटलं, दवाखाना म्हंजी त्याच्याहून चांगलंच आसंल. आसंच आसतंय म्हणले, पर मला कुठं ठावं व्हतं कसं आसतंय." आणि मग हळूच, "आन मी हसले."

सारजा भाकरी मोडत होती. सासूला काहीतरी लागलं आहे हे तिला दिसत होतं. त्यावर काही बोलावं एवढं तिच्यात काही उठलं नाही. "कालवण वाढा," ती म्हणाली. वच्छलाबाईनं वाढलं.

बन्सीला ते त्याच्या आईनंच सांगितलं. सुट्टीच्या दिवशी तो खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसला. लग्नाला दोन वर्षं झाली तरी बायकोशी काय आणि कसं बोलावं हे त्याला अजून नीट साधलं नव्हतं. तो उंबऱ्यावरची माती नखानं उकरत राहिला.

"मी बाहीरच व्हतो," तो म्हणाला. "खिडकीखाली. ऐकू येत व्हतं."

सारजानं त्याच्याकडं बघितलं. "काय ऐकू येत व्हतं?"

"तू वरडत व्हतीस ते. आन त्यांचं पण. समदं."

"मग?"

"शेजारी येक माणूस उभा व्हता. त्याची पण बायको आत. तो म्हणला, आवाज मोठा म्हंजी सुटका लवकर. मग आम्ही च्या प्यायला गेलो." बन्सीनं मान वर केली नाही. "मला वाटलं, आत जाऊन काय करणार. जाऊ तरी कुठं देतेत."

मग बद्री रडला, तेव्हा आजवर पोराला हात लावायला भिणारा बन्सी उठला आणि दोन्ही हात अवघडल्यासारखे खाली घालून त्यानं त्याला उचललं. सारजानं त्याला कसं धरायचं ते सांगितलं. त्यांच्यात त्या दिवशी एवढंच झालं.

टाके मात्र भरून येत नव्हते. एका बाजूनं ते चिघळले होते. सारजानं ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर तिथंच न्यायचे. पण तिच्या अंगात ताप दिसायला लागला, लुगड्याला डाग दिसले आणि वच्छलाबाईच्या ते ध्यानात आलं.

"दवाखान्यात जावं लागंल," ती म्हणाली, आणि सारजाचा चेहरा बघून लगेच म्हणाली, "त्या नाय. दुसरीकडं."

सिडकोत एका बाई डॉक्टरनं नवा दवाखाना टाकला होता. बद्रीला मनकर्णाबाईकडं ठेवून दोघी चालत गेल्या. बाहेर बाकावर बसून असताना सारजा आतल्या दाराकडंच बघत होती. नाव पुकारलं तेव्हा वच्छलाबाई तिच्याबरोबर उठली.

"तुम्ही बाहेर बसा आजी," आतली मदतनीस म्हणाली.

"मी इथंच उभी ऱ्हाईन."

"आत गर्दी होते."

"मी येकटीच हाय. भित्तीला लागून उभी ऱ्हाते," वच्छलाबाई म्हणाली, आणि खरंच भिंतीला पाठ लावून उभी राहिली. डॉक्टरीणबाईनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि राहू दे म्हणून हात केला.

सारजा टेबलाजवळ गेली. चढताना तिचं लक्ष छताकडं गेलं. ते कोरडं होतं. ती पडली. आता ती निघून जायच्या बेतात होती. चटईवरून जायची तसं जाणं तिला आता सोपं झालं होतं. डॉक्टरीणबाईनं हात धुतले, पुसले आणि ती बाजूला येऊन थांबली.

"टाके बघायचे आहेत. थोडं दुखेल. हात लावू का?"

सारजा उत्तराची वाट बघत राहिली. कुणी बोललं नाही, तेव्हा तिनं मान वळवून सासूकडं बघितलं. वच्छलाबाईही तिच्याकडंच बघत होती.

"कुणाला इचारताय?" सारजानं विचारलं.

"तुला. तुझंच अंग आहे ना?"

हा प्रश्न सारजाला समजला, पण त्याचं उत्तर तिला सापडेना. व्हय म्हणायची सवय होती, तेही या वेळी तोंडून निघालं नाही. डॉक्टरीणबाई हात न लावता उभी होती. बाहेर कुणाचं तरी मूल खोकत होतं. सारजाचे ओठ थरथरले, नाकपुड्या फुलल्या, पण रडू काही आलं नाही.

"आज नको," ती म्हणाली.

इथं आता ओरडा बसेल म्हणून तिनं डोळे मिटले. डॉक्टरीणबाई म्हणाली, "बरं. तापाच्या गोळ्या देते. उद्या ये, पण नक्की ये. हे वाढू द्यायचं नाही." आणि तिनं सारजाला उठायला हात दिला.

एवढ्या लांब येऊन नको कशाला म्हणलीस, असं वाटेत वच्छलाबाईच्या अगदी ओठावर आलं होतं. ते तिनं गिळलं.

दुसऱ्या दिवशी बद्रीला मनकर्णाबाईकडंच ठेवून त्या पुन्हा गेल्या. वच्छलाबाई पुन्हा भिंतीला लागून उभी राहिली. डॉक्टरीणबाईनं पुन्हा विचारलं आणि सारजा म्हणाली, "लावा." दुखलं. चांगलंच दुखलं. मध्येच ती "थांबा" म्हणाली तेव्हा हात थांबला. तिनं श्वास घेतला. "आता लावा," म्हणाली तेव्हा पुन्हा सुरू झाला. या सगळ्या वेळात ती टेबलावरच होती, कुठं गेली नाही. म्हणूनच इतकं दुखलं असावं, असं तिला नंतर वाटलं.

तिचं जे हरवलं होतं ते त्या दिवशी परत आलं असं झालं नाही. त्यानंतरही किती तरी महिने ती बोलता बोलता मध्येच गप व्हायची. बन्सी जवळ आला की तिचं अंग आखडायचं, आणि तो बाजूला होऊन कूस बदलायचा. चतुराबाई गल्लीतून जायची, चोळायला इतर घरं होतीच. एकदा समोरासमोर आली तेव्हा तिनं हसून विचारलं, "पोरगं बरं हाय ना?" सारजा तिच्या तोंडाकडं बघत उभी राहिली, आणि चतुराबाईच आधी पुढं गेली.

पण त्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना एक झालं. मनकर्णाबाईच्या घरातून पोराच्या रडण्याचा आवाज येत होता. गल्लीत आणखी दोन घरी तान्ही मुलं होती. सारजा थबकली, तिनं कान दिला, आणि तिच्या छातीत दूध दाटून चोळी भिजली.

"बद्री हाय," ती म्हणाली आणि भरभर चालायला लागली.

"हळू चाल गं," मागून वच्छलाबाई म्हणाली. "टाके वल्ले हायेत."

सारजा हळू झाली नाही.